‘गहाळ’ की ‘चोरी’? तालुक्याच्या गावात पोलिसांत तक्रार देताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

आठवडी बाजारात मोबाइल गेला. ठाण्यात गेलात, अर्ज दिला, शिक्क्याची प्रत मिळाली. महिन्याभरानं तपासाचं विचारायला गेल्यावर कळतं की गुन्हा नोंदलेलाच नाही. हातातला कागद ‘मोबाइल गहाळ’ झाल्याचा आहे आणि गहाळ वस्तूचा तपास गुन्ह्यासारखा होत नाही. दुचाकी, शेतातल्या मोटारीची केबल, एसटी स्टँडवरची पर्स, शेजाऱ्याशी मारामारी, सगळीकडे हीच गत होते. चूक पहिल्या तासात होते आणि उघडकीला यायला महिने जातात.

म्हणून आधी हे चार कागद वेगळे ओळखायला शिका.

११२ वर केलेला कॉल. ही फक्त मदतीची हाक. गाडी आली, पोलिसांनी वहीत लिहून घेतलं, तरी तेवढ्यानं तक्रार झाली असं नाही.

गहाळ नोंद. वस्तू हरवली, एवढंच. नवीन सिम किंवा कागदपत्राची दुय्यम प्रत काढायला चालते. यात चोर नसतो, त्यामुळे तपासही नसतो.

अदखलपात्र नोंद, बोलीभाषेत ‘एनसी’. गुन्हा आहे, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही.

प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. दखलपात्र गुन्हा. याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो आणि तपासी अंमलदार नेमला जातो. विमा कंपनी हाच कागद मागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (बीएनएस) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) लागू आहेत. खालची कलमं नव्या कायद्यांतली आहेत: गुन्हा आणि शिक्षेची बीएनएसमधली, नोंद आणि तपासाच्या पद्धतीची बीएनएसएसमधली. जुन्या ३७९ किंवा १५४ कलमांचा हवाला देऊन लिहिलेले अर्ज अजूनही ठाण्यात येतात. तेवढ्यानं अर्ज बाद होत नाही, पण तुम्हाला कलमं लिहायची गरजच नसते. तुम्ही घटना लिहा, कलम लावणं पोलिसांचं काम.

## टप्पा १ : काही घडायच्या आधी, घरात

अर्ध्या तासाचं काम आहे. पण चोरी झाल्यावर नेमकं हेच सापडत नाही.

- घरातल्या प्रत्येक मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून घ्या. बिलाचा फोटो काढा. हे सगळं त्याच फोनमध्ये ठेवलं तर फोनबरोबर तेही जातं, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवून ठेवा.
- दुचाकीचा चासी नंबर, इंजिन नंबर, आरसी आणि विमा पॉलिसीची प्रत. दोन्ही चाव्या कुठे आहेत ते आजच पाहा.
- दागिन्यांच्या पावत्या, आणि अंगावर घातलेले असतानाचे फोटो. जुन्या दागिन्यांची पावती नसेल तर सराफाकडून वजन करून घेऊन ग्रॅममध्ये लिहून ठेवा.
- शेतातल्या मोटारीच्या नावपट्टीचा फोटो: कंपनी, अश्वशक्ती, अनुक्रमांक. केबल किती मीटर आणि कोणत्या जाडीची, त्याची पावती.
- आपलं घर आणि शेत कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं, बीट अंमलदार कोण, गावात पोलीस पाटील कोण. गाव एका तालुक्यात आणि ठाणं दुसऱ्याच गावात, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

## टप्पा २ : पहिली दहा मिनिटं, ११२

चोर अजून आसपास असेल, मारामारी चालू असेल, कोणी जखमी असेल, तर आधी ११२. ओळखीच्या हवालदाराच्या मोबाइलवर फोन करायची सवय छोट्या गावात फार आहे. ते सुटीवर असतात, बंदोबस्तावर असतात, किंवा रात्रपाळी करून झोपलेले असतात. शिवाय त्या फोनची कुठेही नोंद राहत नाही. ११२ च्या कॉलची वेळेसकट नोंद राहते, आणि ‘फिर्याद द्यायला उशीर का केला’ हा प्रश्न पुढे आला की ती कामाला येते.

बोलताना हा क्रम ठेवा:

१. ठिकाण. गाव, तालुका, जवळची खूण. कॉल जिल्ह्याबाहेरच्या केंद्रात उचलला जातो. ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढ्यावर तिथल्या माणसाला काहीच कळत नाही. आधी तालुका सांगा, मग गाव, मग देऊळ.
२. काय चाललंय, एका वाक्यात.
३. माणसं किती, हातात काय आहे.
४. गाडीचा नंबर, रंग, कोणत्या दिशेनं गेली. अर्धा नंबर आठवत असेल तर तेवढाच सांगा.
५. कोणी जखमी आहे का.

मग फोन मोकळा ठेवा. गाडीवरचे पोलीस पत्ता विचारायला परत फोन करतात. नेमक्या त्याच वेळी तुम्ही नातेवाइकांना कळवत असता आणि लाइन व्यस्त लागते.

> सावधान : चोराला पकडून ठेवलं असेल तर हात उगारू नका. जमावानं मारलं की त्याच रात्री दुसरा गुन्हा नोंदला जातो आणि त्यात आरोपी तुम्ही असता.

## टप्पा ३ : घरफोडी असेल तर जागा तशीच ठेवा

कडीकोयंडा तुटलेला दिसला की माणूस आत धावतो, कपाट उघडून पाहतो, सांडलेलं गोळा करतो. पोलीस येईपर्यंत घर आवरून झालेलं असतं. ठशांचे तज्ज्ञ आले तर त्यांना घरच्यांचेच ठसे मिळतात.

दाराबाहेर थांबा. आत कोणी नाही याची खात्री पोलिसांना करू द्या. आधीच आत गेला असाल तर कुठे कुठे हात लावला ते आठवून सांगा, लपवू नका. तुटलेलं कुलूप, वाकवलेली सळई, चोरानं सोडलेली पहार किंवा चप्पल जिथे आहे तिथेच राहू द्या. पाऊस येत असेल तर पावलाच्या ठशावर पातेलं किंवा टोपली उपडी ठेवा आणि दुरून फोटो काढा.

बीएनएसएसच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे, त्यामुळे प्रत्येक घरफोडीला पथक येईलच असं धरून चालू नका. पण राहत्या घरातली चोरी (बीएनएस कलम ३०५) सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहे. ‘ठसे घ्यायला कोणी येणार आहे का?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर मिळेपर्यंत झाडू हातात घेऊ नका.

## टप्पा ४ : मोबाइल गेला असेल तर ठाण्याच्या वाटेवरच

मोबाइलची चोरी एका वस्तूवर थांबत नाही, त्यातून बँक खातं उघडं पडतं. दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा. मग बँकेच्या हेल्पलाइनवर यूपीआय आणि कार्ड बंद करा आणि बँकेनं दिलेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. फिर्याद नोंदवून मग १९३० ला फोन करू, हा क्रम चुकीचा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात आणि ते वाटेत अडवता येणं मिनिटांवर अवलंबून असतं.

गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून फोनचं शेवटचं ठिकाण दिसत असेल तर वेळेसह त्याचा स्क्रीनशॉट घ्या. स्वतः त्या ठिकाणी जाऊ नका.

## टप्पा ५ : कोणतं ठाणं?

घटना जिथे घडली तिथलं ठाणं. शहराबाहेरच्या आउटपोस्टवर प्राथमिक माहिती घेतात, पण गुन्हा मुख्य ठाण्यात दाखल होतो, म्हणून थेट तिकडेच जा. रेल्वेच्या डब्यात किंवा फलाटावर चोरी झाली तर ती लोहमार्ग पोलिसांकडे जाते.

‘ही आमची हद्द नाही’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, विशेषतः एसटीच्या प्रवासातल्या चोरीत. पर्स बसमध्ये नेमकी कुठे कापली गेली ते कोणालाच माहीत नसतं. बीएनएसएस कलम १७३(१) प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कोणतीही असो, घ्यावीच लागते. ती शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणा: ‘साहेब, शून्य क्रमांकानं घ्या आणि वर्ग करा.’ हे शब्द ठाणे अंमलदाराला नेमके कळतात.

खबर ईमेलनं किंवा ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन त्यावर सही करावी लागते. ती राहिली तर खबर नोंदीवर घेतली जात नाही. ऑनलाइन पाठवून निर्धास्त झालेले बरेच जण इथे अडकतात.

## टप्पा ६ : फिर्याद. इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी घरी, कोऱ्या कागदावर, वेळेच्या क्रमानं मुद्दे लिहा: कुठे होतो, वस्तू शेवटची कधी पाहिली, नाही हे कधी कळलं, मधल्या वेळात काय केलं, कोणावर संशय आहे आणि का.

‘शेवटची पाहिली’ आणि ‘नाही हे कळलं’ या दोन वेळा सर्वांत महत्त्वाच्या. त्यावरूनच कोणते कॅमेरे पाहायचे ते ठरतं. ‘सकाळी कधीतरी’ लिहिलं तर सहा तासांचं चित्रण पाहावं लागतं आणि ते कोणी पाहत नाही. ‘१०.३० ला खिशात होता, १०.५० ला नव्हता’ असं लिहिलं तर वीसच मिनिटं पाहायची असतात.

ठाण्यातली भाषा ठरलेली आहे. तिच्या जवळ जाणारा मजकूर दिला तर लिहून घेणाऱ्यालाही सोपं जातं:

> दि. … रोजी सकाळी १०.३० वा. सुमारास मी भाजी घेण्यासाठी आठवडी बाजारात, बाजारतळाच्या पूर्वेकडील प्रवेशद्वाराजवळ गेलो होतो. त्या वेळी माझा … कंपनीचा, काळ्या रंगाचा मोबाइल, आयएमईआय … व …, शर्टच्या वरच्या खिशात होता. १०.५० वा. खिशात हात घातला असता मोबाइल मिळून आला नाही. आजूबाजूस शोध घेतला. दुसऱ्या मोबाइलवरून फोन केला असता तो बंद लागला. सदर मोबाइल कोणीतरी अज्ञात चोरट्याने गर्दीचा फायदा घेऊन, माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेला आहे. म्हणून माझी अज्ञात चोरट्याविरुद्ध फिर्याद आहे.

‘मिळून आला नाही’ यावर मजकूर संपला तर ती गहाळ नोंद होते. ‘अज्ञात चोरट्याने चोरून नेला आहे’ हे वाक्य असलं की ती फिर्याद होते. काउंटरवर ‘चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, सिम लगेच मिळेल’ असं सुचवलं जातं. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, कागद खरंच लवकर हातात पडतो. पण मग त्या फोनसाठी चोर शोधायची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्यानं घ्या. फोन रिक्षात विसरला असेल, गाडीवरून पडला असेल, तर ‘गहाळ’च लिहा. खोटी खबर देणं हा बीएनएस कलम २१७ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. विम्यासाठी म्हणून चोरी रचणारे लोक फोन सापडला की स्वतःच अडचणीत येतात.

फिर्यादीतल्या नेहमीच्या चुका:

संशयिताचं नाव रागाच्या भरात घालणं. शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे म्हणून केबलचोरीत त्याचं नाव टाकलं की तपास बांधावर अडकतो आणि खरा चोर भंगारात तांबं विकून मोकळा होतो. संशय असेल तर कारणासह लिहा: ‘आदल्या संध्याकाळी विहिरीजवळ दिसला होता’ हे कारण झालं.

यादी पूर्ण होईपर्यंत थांबणं. घरफोडीनंतर काय काय गेलं हे दोन दिवस कळत राहतं. थांबू नका. जे कळलंय ते लिहा, ‘आणखी काय गेले याची खात्री करून नंतर सांगतो’ हे वाक्य घाला आणि बाकीचं पुरवणी जबाबात द्या. दोन दिवसांच्या उशिराचा खुलासा द्यावा लागतो, पुरवणी जबाबाचा नाही.

‘सोन्याचे दागिने’ असं मोघम लिहिणं. ‘एक मंगळसूत्र, दोन वाट्या, काळे मणी, वजन अंदाजे १५ ग्रॅम’ असं लिहा. दागिना पुढे सापडला तर तो तुमचाच आहे हे या वर्णनावरून ठरतं.

## टप्पा ७ : पाच हजारांची रेघ

हे फार थोड्यांना माहीत आहे आणि छोट्या गावातल्या चोऱ्यांना हेच सर्वांत जास्त लागू पडतं.

साध्या चोरीचं कलम ३०३(२), शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र. पण याच कलमात अपवाद आहे: मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. बीएनएसएसच्या पहिल्या अनुसूचीत हा प्रकार अदखलपात्र दाखवला आहे. त्यामुळे जुना फोन, वीस मीटर केबल, सायकल किंवा बॅटरी गेली की एनसीवर भागवलं जाण्याची शक्यता वाढते.

यावर तीन गोष्टी करा.

पहिली, किंमत खरी आणि पूर्ण लिहा. फिर्यादीत जुन्या वस्तूला ‘जु. वा. किं. अं.’ म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे, असं लिहितात. लोक संकोचानं ‘दोन-तीन हजार’ म्हणून टाकतात. बिल जोडा, वय सांगा, आज तशीच वापरलेली वस्तू घ्यायला किती पडेल ते सांगा. केबलबरोबर स्टार्टर, फ्यूज, पाइप गेले असतील तर त्यांची किंमतही धरा. फुगवू मात्र नका, बिल पुढे तपासलं जातं.

दुसरी, जागा नेमकी सांगा. राहत्या घरातून किंवा प्रवासी वाहनातून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं. तिथे पाच हजारांचा अपवाद नाही. एसटीत चढण्यापूर्वी फलाटावर पर्स गेली की बसमध्ये बसल्यावर, यानं कलम बदलतं. ‘स्टँडवर चोरी झाली’ या मोघम वाक्यात हा फरक बुडून जातो. हातातून हिसका मारून नेली असेल तर ‘हिसकावून’ हाच शब्द लिहा. तो वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, आणि दखलपात्र आहे.

तिसरी, अज्ञात चोराची ही पहिलीच वेळ आहे की दहावी, हे फिर्याद देताना कोणालाच माहीत नसतं. अपवाद पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्यासाठी आहे, हे ठाणे अंमलदाराच्या लक्षात नम्रपणे आणून द्या. त्याच आठवड्यात शिवारात आणखी मोटारी गेल्या असतील तर ते शेतकरीही बरोबर घेऊन जा आणि प्रत्येकानं आपली वेगळी फिर्याद द्या.

## टप्पा ८ : सही करण्यापूर्वी आणि सही केल्यावर

पूर्ण मजकूर वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. मग ही तपासणी करा:

- वर ‘प्रथम खबर’ लिहिलंय का? गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष आहे का?
- कलम कोणतं लावलंय?
- दोन्ही वेळा, ठिकाण, आयएमईआय किंवा चासी नंबर बरोबर आहेत का? पंधरा आकड्यांतला एक चुकला तरी तो दुसऱ्याच कोणाचा फोन होतो.
- तपासी अंमलदाराचं नाव काय?

प्रत मोफत मिळते, कलम १७३(२). ‘उद्या या’ म्हटलं तर नंबर तरी लिहून घ्या. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पाहता येतात, तिथूनही पडताळा.

> लक्षात ठेवा : फिर्यादीवर सही लागते. तपासात नंतर घेतलेल्या साक्षीदारांच्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका. स्त्रिया, साठ वर्षांवरील आणि आजारी माणसांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

## टप्पा ९ : नोंदवून घेतच नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे. नव्या कायद्यात, तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करता येते. पण त्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. म्हणून ‘चौकशी करून बघतो’ असं उत्तर आलं तर विचारा: परवानगी झाली का, आणि चौदा दिवस कोणत्या तारखेपासून?

क्रम असा ठेवा. आधी पोलीस निरीक्षकांना समक्ष भेटा. काउंटरवर अडलेलं बरंच इथेच सुटतं. नाही सुटलं तर लेखी अर्ज आवक विभागात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. मग पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज, त्याची पावती जपा. तरीही नाही तर तालुक्याच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. अधीक्षकांची पायरी गाळून थेट न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. सगळे जण गाळतात ती हीच पायरी.

## टप्पा १० : भांडण आणि मारहाण

बांधावरून, नळावरून, गाडी लावण्यावरून. छोट्या गावातल्या ठाण्याचा निम्मा वेळ यात जातो. हातानं मारहाण ११५(२), शिवीगाळ ३५२, धमकी ३५१(२), ही नेहमीची तिन्ही कलमं अदखलपात्र. लोक एनसीची पावती घेऊन पोलीस कधी पकडतात याची वाट पाहतात. दंडाधिकाऱ्यांचा आदेश नसेल तर पोलिसांना तपास करता येत नाही. तो आदेश मिळावा म्हणून तुम्ही स्वतः न्यायालयात अर्ज करायचा असतो. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला न्यायालयाच्या दखलीची मुदत एक वर्षाची आहे, ती सरू देऊ नका.

मात्र दोन गोष्टींनी चित्र बदलतं. काठीनं, कोयत्यानं, विळ्यानं मारलं असेल तर हत्याराचं नाव फिर्यादीत आलंच पाहिजे. घातक हत्यारानं केलेली दुखापत, कलम ११८(१), दखलपात्र आहे. आणि हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, तीही दखलपात्र. म्हणून आधी ठाण्यातून वैद्यकीय तपासणीची यादी, म्हणजे रुग्णालयाच्या नावानं पोलिसांचं पत्र, घ्या आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा. रक्त वाहत असेल तर आधी दवाखाना, यादी मागून येईल. खाजगी दवाखान्यात मलमपट्टी करून चार दिवसांनी प्रमाणपत्र मागितलं तर जखम केव्हाची हे सांगणं कठीण होतं. एनसीनंतर एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसलं तर तो कागद घेऊन परत ठाण्यात जा.

शेजारी रोजच त्रास देत असेल तर प्रत्येक वेळची एनसी जपून ठेवा. बीएनएसएस कलम १२६ खालच्या प्रतिबंधक कारवाईसाठी, गावच्या भाषेत चॅप्टर केस, तीच सामग्री असते. त्यात समोरच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं.

## टप्पा ११ : पंचनामा आणि कॅमेरे

पंचनाम्याला दोन पंच लागतात. शेजारी सहसा टाळतात, कारण पुढे न्यायालयात साक्षीला जावं लागतं. आधीच दोघांना विचारून ठेवा. नोकरीनिमित्त गाव सोडणारा माणूस पंच घेऊ नका.

कॅमेऱ्यांचं काम त्याच दिवशी सुरू करा. दुकानांतल्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्याभरात. दुकानदाराला तेवढ्या वेळेचं चित्रण वेगळं काढून ठेवायची विनंती करा आणि दुकानाचं नाव तपासी अंमलदाराला लेखी द्या. डीव्हीआरचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ शेजारी धरून फोटो काढा. बऱ्याच डीव्हीआरची वेळ मागं-पुढं असते आणि त्यामुळे भलतीच वीस मिनिटं पाहिली जातात. पडद्याचं मोबाइलवर केलेलं शूटिंग ओळख पटवायला ठीक आहे. पुराव्यासाठी मूळ चित्रण आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते पोलिसांनाच घेऊ द्या. संशयिताचा चेहरा गावच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. चोर सावध होतो, आणि माणूस दुसराच निघाला तर तुमच्यावर बेततं.

## टप्पा १२ : मोबाइल बंद करणं आणि दुचाकीचा विमा

मोबाइल. केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक होतो. लागणारं: पोलीस तक्रारीची प्रत, दोन्ही आयएमईआय, बिल, ओळखपत्र आणि त्याच नंबरचं नवीन सिम, कारण ओटीपी त्यावर येतो. नवीन सिम सुरू झाल्यावर एसएमएस सेवा चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. लोक सिम घेऊन लगेच बसतात, ओटीपी येत नाही, आणि पोर्टल बिघडलंय समजून सोडून देतात. दुसऱ्या दिवशी बसा. मिळालेला रिक्वेस्ट आयडी तपासी अंमलदारालाही द्या. फोनमध्ये कोणी नवीन सिम घातलं की माग त्यावरून लागतो.

दुचाकी. आधी खात्री करा की वाहतूक पोलिसांनी उचललेली नाही, भावानं नेलेली नाही. मग त्याच दिवशी फिर्याद आणि त्याच दिवशी विमा कंपनीला फोन व ईमेल. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. फिर्याद वेळेत दिली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरूनच दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. तरी तो वाद ओढवून घेऊ नका. कंपनी दोन्ही चाव्या मागते. चावी गाडीलाच राहिली होती तर फिर्यादीत खरं तेच लिहा. आरटीओलाही लेखी कळवा. चोरीनंतरच्या तारखेचं ई-चलान आलं तर एफआयआर जोडून हरकत घ्या.

## टप्पा १३ : पाठपुरावा आणि समरी

तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवायची जबाबदारी कलम १९३(३) नं पोलिसांवर टाकली आहे. मोबाइल किंवा पत्ता बदलला तर कळवा, नाहीतर निरोप जुन्या नंबरवर जातो. रोज फोन करण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा, काहीतरी नवीन माहिती घेऊन जा.

चोर न सापडल्यास पोलीस न्यायालयात अहवाल पाठवतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. दुचाकीच्या विम्याला हीच लागते. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. कोणती मागितली आहे ते विचारून घ्या. ‘ब’ किंवा ‘क’ असेल आणि पटत नसेल, तर न्यायालयाची नोटीस आल्यावर त्याच तारखेला हरकत नोंदवा.

## टप्पा १४ : माल सापडला तर

ठाण्यातून थेट उचलून आणता येत नाही, तो मुद्देमाल असतो. न्यायालयात अर्ज द्यायचा. सोबत मालकीचा पुरावा आणि एफआयआर. आदेश झाला की बंधपत्र लिहून सुपूर्दनाम्यावर माल मिळतो. दुचाकी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात सडते, म्हणून अर्जाला उशीर करू नका. ताब्यात घेताना मुद्देमाल कारकुनासमोर चासी नंबर आणि अवस्थेचे फोटो काढा.

खटला संपेपर्यंत न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती वस्तू विकायची नाही, दागिना मोडायचा नाही, गाडीचा रंग बदलायचा नाही. बोलावणं आलं की ती हजर करावी लागते. मोबाइल मिळाला असेल तर जुन्या रिक्वेस्ट आयडीनं सीईआयआरवर तो अनब्लॉक करा. तोपर्यंत त्यात कोणतंही सिम चालणार नाही.